किल्ली नसलेला जुना पार्किंग मीटर: ड्रिल उचलण्याआधी काय अडलंय ते शोधा

लक्षणं जवळपास सगळ्यांची सारखीच असतात. अमेरिकेतल्या कुठल्यातरी जुन्या बाजारातून पार्किंग मीटरचं डोकं, म्हणजे गाडी उभी करायचे पैसे घेणाऱ्या यंत्राचा खांबावरचा भाग, घरी आलेलं असतं आणि त्याची किल्ली विकणाऱ्यालाही कधी मिळालेली नसते. हलवलं की आत नाणी खुळखुळतात. बाहेरची मूठ अर्धी फिरून थांबते, काचेमागचा काटा जागचा हलत नाही. दोन-चार दिवस खटपट झाली की माणूस एकच प्रश्न विचारतो: ‘ड्रिल नेमकं कुठे मारू?’

माझं उत्तर दर वेळी एकच असतं. ड्रिल आज नको. मीटर बंद आहे याचा अर्थ कुलपानेच तो धरून ठेवलाय असं नाही. नेमकं काय अडलंय ते कळल्याशिवाय हत्यार लावलं तर जी वस्तू पुन्हा मिळणार नाही तीच आधी मोडते.

हे मी फार महाग पडून शिकलो. न्यू जर्सीला आल्यावर काही वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डच्या बाजारात मी पहिला मीटर घेतला. हा जुन्या वस्तूंचा बाजार वर्षातून तीनदा भरतो: मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये. मीटर डंकन-मिलर कंपनीचा होता, मूठ फिरवायच्या जातीचा. घरी आणला, तीन संध्याकाळी कुलपाशी झटलो, चौथ्या संध्याकाळी फटीत पहार घातली आणि जोर दिला. झाकणाचा कोपरा कचकन तुटला. आत पाहिलं तर कुलपाची जीभ आधीच मागे सरकलेली होती. म्हणजे कुलूप उघडंच होतं. झाकण धरून ठेवलं होतं ते शहराच्या माणसांनी वर्षानुवर्षं चढवलेल्या रंगाच्या थरांनी. तो तुटका तुकडा मी अजून जपून ठेवलाय, आणि कोणी ड्रिलची गोष्ट काढली की तोच दाखवतो.

आधी फट तपासा

म्हणून पहिली तपासणी कुलपाची नसते, सांध्याची असते. झाकण आणि खालचा भाग जिथे मिळतात तिथे फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पत्र्यांच्या संचातली, सर्वात पातळ पट्टी घालून पाहा. गेज नसेल तर जाड, ताठ कागदाचा तुकडा चालतो. पट्टी सांध्याभर कुठेच आत जात नसेल तर झाकण रंगाने किंवा गंजाने चिकटलंय. सगळीकडे सरकते आणि एकाच जागी अडते असं असेल, तर ती जागा कुलपाच्या जिभेची. एवढ्या एका गोष्टीवरून पुढचा आठवडा कसा जाणार ते ठरतं.

रंगाने चिकटलेला सांधा सोडवायला घाई चालत नाही. धारदार पात्याने सांध्यावरून हलक्या हाताने पुन्हा पुन्हा रेघ ओढा, एकाच वेळी खोल कापायला जाऊ नका. मग केस वाळवायच्या ड्रायरने कोमट करा. रंग सोलायची हीटगन मात्र वापरू नका. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, मीटर त्याआधीचा असेल तर रंगात शिसं आहे असंच धरून चाला, आणि तापलेल्या शिशाच्या रंगाचा धूर छातीत जाता कामा नये. शिसं ओळखायच्या काड्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. कोमट झाल्यावर लाकडी किंवा रबरी हातोडीने सांध्याच्या कडेकडेने बारीक ठोके देत फिरा. चिकटलेल्या जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी पोकळ. कान लवकर तयार होतो.

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या शहरांतून आलेल्या मीटरांत आणखी एक त्रास असतो. हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचं ओतीव आवरण आणि त्यात लोखंडी स्क्रू असा संयोग असला, की खारट ओलीत दोन धातूंमध्ये रासायनिक क्रिया सुरू होते आणि पांढरी भुकटी धरते. ती फुगून सांधा आवळते. तिथे गंज सोडवणारं पातळ तेल थेंबाथेंबाने द्या आणि दोन-तीन दिवस थांबा. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब आणि चार ठोके. काही जण ॲसिटोन आणि मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. ते गंजात खोल शिरतं हे खरं, पण मीटरची खिडकी प्लॅस्टिकची असेल तर ॲसिटोनच्या नुसत्या स्पर्शाने तिच्यावर जाळीसारख्या चिरा पडतात आणि त्या परत जात नाहीत. खिडकी काचेची आहे याची खात्री नसेल तर ते मिश्रण मीटरच्या आसपासही आणू नका.

कुलूप खरंच लागलेलं असेल तर

बहुतेक मीटरांना कुलपं दोन असतात. वरचं यंत्राचं, खालचं पैशाच्या पेटीचं, आणि दोघांच्या किल्ल्या वेगळ्या. हे मुद्दाम केलेलं आहे. यंत्र दुरुस्त करणाऱ्याचा हात पैशाला लागू नये आणि पैसे गोळा करणाऱ्याला यंत्राशी खेळता येऊ नये. त्यामुळे वरचं कुलूप उघडलं तरी खालची पेटी तिथून हाती लागत नाही. कोणी ‘एक उघडलं की दुसरं आपोआप सुटतं’ असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांनी नेमका हाच रस्ता बंद केला होता.

मीटरच्या जन्माकडे पाहिलं तर हा अविश्वास समजतो. १६ जुलै १९३५ रोजी ओक्लाहोमा सिटीत पहिला पार्किंग मीटर बसला. तासाला ५ सेंट दर होता. कल्पना कार्ल मॅगी या वृत्तपत्राच्या संपादकाची. न्यू मेक्सिकोत असताना त्याने टीपॉट डोम या तेलक्षेत्रांच्या लाच प्रकरणात गुंतलेल्या अल्बर्ट फॉल या बड्या राजकारण्याच्या मागे लागून त्याचे व्यवहार उजेडात आणले होते. यंत्र आखून दिलं ते ओक्लाहोमातल्या कृषी आणि यांत्रिकी महाविद्यालयातल्या जेराल्ड हेल आणि होल्गर थ्यूसन यांनी. भर रस्त्यावर, दिवसरात्र, पैशांनी भरलेली पेटी उघड्यावर ठेवायची, म्हणजे ती किती जणांचा मार खाणार याचा विचार पहिल्यापासून करावाच लागला. आज आपण जिच्याशी झटतोय ती भक्कम बांधणी त्याच विचारातून आली.

आता कुलपाकडे. आधी भोक साफ करा. रस्त्यावरच्या कुलपात काय काय जातं ते पाहिल्याशिवाय पटत नाही: च्युइंगगम, आगकाडीचे तुकडे, रंग, कुंभारीण माशीचं घर. बारीक सुईने कोरून काढा आणि दाबाची हवा मारा. मग कुलपाच्या तोंडावर भिंगाने पाहा. पुष्कळदा तिथे बारीक आकडे ठोकलेले असतात. त्या आकड्यांवरून जुन्या मीटरच्या किल्ल्या जमवणारे आणि विकणारे लोक किल्ली ओळखतात. एका शहराचे शेकडो मीटर एकाच किल्लीने उघडत, म्हणूनच लिलावात शहरं मीटर विकतात पण किल्ली देत नाहीत. त्याच जातीची कुलपं दुसरीकडे रस्त्यावर अजून कामात असू शकतात. याच कारणासाठी खरेदीची पावती जपून ठेवा. किल्ली बनवणारा ती मागेल, आणि त्याने ती मागितलीच पाहिजे. पावती नसलेला मीटर, कितीही स्वस्त मिळत असला तरी, मी घेत नाही.

किल्लीचं भोक गोल आणि मध्ये खुंटी असेल तर ते नळीच्या किल्लीचं कुलूप. यासाठी लॉकस्मिथकडे खास हत्यार असतं. बहुतेक वेळा तो ते काही मिनिटांत उघडतो आणि त्याच हत्याराच्या मापावरून नवी किल्लीही कापून देतो. साध्या सपाट किल्लीचं कुलूप असेल तर कोऱ्या किल्लीवर उमटलेल्या खुणा पाहत कानशीने घासत किल्ली तयार करणारे कारागीर अजून आहेत. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला किल्ल्यांचे जुडगे टांगून बसणारे किल्लीवाले हेच करतात. साताऱ्याला आमच्या घराजवळ बसणारा एक म्हातारा डोळे मिटून कोरी किल्ली कुलपात हलवायचा आणि बोटांनी ऐकायचा. मला ते लहानपणी जादूसारखं वाटे. आता कळतं की तो कुलपातल्या पिनांच्या, म्हणजे किल्लीने वर उचलल्या जाणाऱ्या बारीक दांड्यांच्या, खुणा वाचत होता.

मीटर १९७० नंतरच्या काळात वापरात असेल तर मेडेको जातीचं कुलूप असण्याची शक्यता आहे. त्यात पिना नुसत्या वर उचलून भागत नाही, त्या ठरावीक कोनात वळाव्याही लागतात. शिवाय आत ड्रिलला दाद न देणाऱ्या पोलादाचे तुकडे बसवलेले असतात. अशा कुलपावर घरी प्रयोग करू नका. पैसे लागले तरी जाणत्या माणसाकडेच न्या.

लॉकस्मिथकडे नेण्याआधी एक काम घरी करा. मीटर उलटा धरून बुडाशी पाहा. ही डोकी सुमारे ६० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पोकळ नळाच्या खांबावर बसवलेली असत आणि ती आवळायचे बोल्ट बहुधा पैशाच्या पेटीच्या आतून असत, म्हणजे पेटी उघडल्याशिवाय डोकं खांबावरून निघूच नये. तुमच्या मीटरला खाली नळाचा कापलेला तुकडा असेल तर तो करवतीने तोडून आणलाय. नळ नसेल आणि बोल्टची भोकं रिकामी असतील, तर कोणीतरी किल्लीने पेटी उघडून बोल्ट काढले आहेत. तीच भोकं तुमची खिडकी. फोनला जोडायचा बारीक कॅमेरा त्यातून आत घाला आणि कुलपाची जीभ कुठे आहे, तिच्यामागे काय आहे ते पाहा. मी आजवर यापेक्षा उपयोगी पैसे खर्च केलेले नाहीत.

ड्रिल, शेवटी

सगळं करून झालं, लॉकस्मिथनेही हात टेकले, आणि कुलूप साधं पिनांचं आहे याची खात्री आहे, तेव्हाच. नवं कुलूप मिळतं. सत्तर वर्षांपूर्वीचं ओतीव आवरण मिळत नाही, आणि जस्ताचं ओतकाम तडकलं तर त्याला नीट वेल्डिंग होत नाही. त्यामुळे ड्रिल फक्त कुलपाच्या पितळेत जायला हवं. फिरणारा गोल भाग आणि त्याभोवतालचं कवच यांच्या सीमेवर, किल्लीच्या भोकाच्या पिनांकडच्या टोकाशी, आधी टोच्याने खूण करा. मग ३ मिलिमीटरचा बिट, वेग कमी, तेल भरपूर. एकेक पिन सुटल्याचं हाताला कळतं. पिना संपल्या की थांबा. त्यापुढे जीभ आहे आणि जिभेमागे यंत्र.

या वेळी मीटर तोंड खाली करून धरायचा, म्हणजे चुरा बाहेर पडेल. लोक सांगतात की चुंबक लावा. पण कुलूप पितळेचं, पितळ चुंबकाला चिकटत नाही. पितळेचा एक कण दात्यांत गेला की पुढे सहा महिने मीटर मध्येच का थांबतो ते शोधत बसावं लागतं.

उघडला, पण पुन्हा अडकला

खरी डोकेदुखी इथून पुढे सुरू होते आणि तिच्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. माझा दुसरा मीटर मी तीन वेळा उघडला.

पहिल्यांदा तो अडकला माझ्याच रंगामुळे. नवा रंग चढवताना मी झाकणाच्या आतल्या काठालाही रंग दिला. दोन हात रंग म्हणजे केसभर जाडी, पण सांधा तेवढ्यानेच घट्ट झाला आणि जिभेवर ताण आला. किल्ली फिरेना. तेव्हापासून दोन पृष्ठभाग जिथे एकमेकांना टेकतात त्या जागी मी रंगाआधी चिकटपट्टी लावतो.

दुसऱ्यांदा कारण नाण्यांचं होतं. मूळ मीटरात पैसे आतल्या एका डब्यात पडत. माझ्या मीटरातला डबा गायब होता. घरातल्या मुलांना नाणं टाकून मूठ फिरवायचा नाद लागला, नाणी पेटीच्या तळाशी साचत गेली आणि शेवटी एक निकेल, म्हणजे ५ सेंटचं नाणं, कुलपाच्या जिभेमागे उभं अडकलं. किल्ली आहे, कुलूप चांगलं आहे, तरी पेटी उघडत नाही! मी पुन्हा कुलपावरच संशय घेतला, आणि एक अख्खा रविवार त्यात गेला. शेवटी मीटर कानाशी धरून हळू कलता केला तेव्हा नाणं सरकल्याचा आवाज आला. उलटा धरून बाजूने थापट्या मारल्या आणि किल्ली फिरली. तुमच्या मीटरातला डबा नसेल तर योग्य मापाची कसलीही डबी आत बसवा. मी बेकिंग पावडरच्या डब्याचा खालचा अर्धा भाग कापून बसवलाय.

तिसऱ्यांदा तेल. कुलपात मी पातळ फवाऱ्याचं तेल सढळ हाताने मारलं होतं. वर्षभरात त्यात धूळ बसून चिकट लोणी झालं आणि पिना वरच राहिल्या. गंज सोडवायला तेल ठीक आहे, पण सुटल्यावर ते पुसून, धुऊन काढायला हवं. कुलपात कायमचं द्यायचं ते कोरडं ग्रॅफाइट, तेही चिमूटभर.

घड्याळाची चावी

मराठीत कुलूप उघडते ती चावी आणि घड्याळाला देतात तीही चावी. मीटरमध्ये या दोन्ही चाव्या एकाच पेटीत भेटतात. काही मीटरांना शहराचा माणूस ठरावीक दिवसांनी येऊन चावी देऊन जाई आणि नाणं पडलं की घड्याळ चालू होई. माझ्या मीटरासारख्या मुठीच्या मीटरांत मोटारवालाच चावी देतो: नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, त्या एका फिरवण्यात स्प्रिंग आवळली जाते आणि नाण्याच्या मापाप्रमाणे काटा पुढे सरकतो. यंत्र नाण्याचं मूल्य वाचत नाही, त्याचा व्यास मोजतं. निकेल २१.२१ मिलिमीटरचं, १ सेंटची पेनी १९.०५ मिलिमीटरची, आणि डाइम १० सेंटचं असूनही पेनीहून लहान, १७.९१ मिलिमीटरचं.

एकदा बाबा साताऱ्याहून आले तेव्हा त्यांच्या जुन्या पाकिटात १९७० च्या दशकातले चार-चार आण्यांचे तांब्या-निकेलचे तुकडे होते. २५ पैशाचं ते नाणं १९ मिलिमीटरचं. जून २०११ अखेर ते चलनातून गेलं. आमच्या बैठकीतल्या मीटरने ते पेनी समजून घेतलं आणि बाबांना १२ मिनिटं दिली. बाबांनी घड्याळ लावून ती १२ मिनिटं पूर्ण होईपर्यंत पाहिली.

यंत्र बाहेर काढण्याआधी काटा शून्यावर येऊ द्या. तरीही स्प्रिंगमध्ये थोडा ताण शिल्लक असतो, म्हणून स्प्रिंगचा डबा उघडू नका. उडालेली स्प्रिंग डोळा घेऊ शकते. आतली रचना गजराच्या घड्याळाची: दातेरी चाकं, चाकाचा एकेक दाता सोडणारा नांगर, मागेपुढे डोलणारं बॅलन्स व्हील. ते डोलत नसेल तर शंभरातल्या नव्वद वेळा जुनं तेल वाळून डिंक झालेलं असतं असं म्हणण्याचा मोह होतो. निदान माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मीटरांत तेच होतं. लायटरमध्ये भरतात ते नॅप्था मऊ ब्रशने लावा, खिडक्या उघड्या ठेवून, आगीपासून लांब. पूर्ण वाळू द्या. मग फक्त चाकांच्या टोकांना, जिथे ती पत्र्यात फिरतात तिथे, सुईच्या टोकाने घड्याळाचं तेल द्या. दात्यांना तेल लावायचं नाही, आणि नाणं जातं त्या वाटेला तर अजिबात नाही, नाहीतर पुढच्या महिन्यात नाणं तिथेच चिकटतं आणि मूठ पुन्हा अर्धी फिरून थांबते.

रंगाबद्दल एकच ताकीद. जुना रंग काढायला कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात मीटर बुडवायचा सल्ला सर्रास दिला जातो. लोखंडाला तो चालेल. जस्त आणि ॲल्युमिनियमला सोडा खातो, फेस येतो, हायड्रोजन सुटतो आणि गुळगुळीत ओतकाम खडबडीत होऊन जातं. रंग काढायचाच असेल तर पाण्याचा पॉलिश पेपर, ओला ठेवून, हातात मोजे घालून. आणि दराची पट्टी किंवा शहराचं नाव शाबूत असेल तर त्याला हात लावू नका. ते परत छापता येतं, पण मग ते त्या रस्त्यावर उभं राहिलेलं नसतं.

जोडून झाल्यावर झाकण बंद करण्याआधी चाचणी घ्या. निकेल टाका, मूठ फिरवा, मोबाइलवर वेळ लावा. माझा मीटर पहिल्यांदा ५४ मिनिटांत संपला. बॅलन्स व्हीलपाशी वेग कमी-जास्त करायचा छोटा दांडा असतो, तो केसभर मंदपणाच्या बाजूला सरकवला. मग ५८. आणखी केसभर, मग ६१. तिथे सोडून दिला. वेळ संपल्याची लाल पट्टी वर आली का ते पाहिलं, दोन्ही कुलपं झाकण उघडं असतानाच पाच-पाच वेळा लावून-उघडून पाहिली, जीभ कशालाही न घासता जाते याची खात्री केली, आणि मग झाकण बसवलं. दोन्ही किल्ल्यांची एकेक जोडी शेजाऱ्यांकडे दिली आहे. दुसरी फडताळात आहे, तिला बांधलेल्या चिठ्ठीवर कुलपावरचे आकडे लिहिलेले आहेत.